वायर बारीक आहे

आमच्या भागात काहीही बिघडलं की माणसं आधी वायरीला शिव्या घालतात. शेतातली मोटार नुसतीच घूं घूं करते आणि पाणी ओढत नाही, वायर बारीक. लग्नाच्या मांडवातले दिवे मिणमिणतात, वायर बारीक. पंखा रेंगाळतो, टीव्हीवरचं चित्र थरथरतं, तरी वायरच बारीक. यात त्यांचं सगळंच चुकतं असंही नाही. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी ज्यांच्या बांधीपर्यंत, म्हणजे धानाच्या वाफ्यापर्यंत, पोचत नाही त्यांचा सगळा धान बोअरच्या मोटारीवर असतो, आणि रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या दिवसांत साऱ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज कोसळतं आणि मोटारी जळतात. एकदा मोटार जळलेला माणूस जन्मभर वायरीचा डॉक्टर होतो. अडीच स्क्वेअरची केबल कुठे चालेल आणि चारची कुठे लागेल, हे आमच्याकडे चहाच्या टपरीवर ठरतं.

मी शाळेत विज्ञान शिकवत आले, तेव्हा या ज्ञानाचं मला कौतुक वाटायला हवं. मला राग येतो. वायरीला बोलणं सोपं असतं, ती उलटून बोलत नाही. या एका सवयीने माझ्या घरात जे झालं ते मी कोणाला नीट सांगितलेलं नाही. सांगायला बसले की माझा आवाज चढतो आणि ऐकणारा विषय बदलतो. कागद विषय बदलत नाही, म्हणून लिहिते.

माझा धाकटा भाऊ अनाउन्सर होता. अनाउन्सर म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगावं लागेल. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दिवसभर जत्रा आणि रात्री नाटक. एका दिवशी आसपासच्या चार-पाच गावांत नाटकं असतात, त्यामुळे लोकांनी आपल्याच गावात यावं म्हणून आठवडाभर आधी गाडी फिरवतात. गाडीतला माणूस माइकवरून नाटकाचं नाव सांगतो, नटनट्यांची नावं सांगतो, जागा, वेळ, आणि शेवटी असं काही बोलतो की चुलीपुढची बाईसुद्धा म्हणते, जाऊन तर पाहू. तो बोलणारा माणूस म्हणजे माझा भाऊ. शेती तुकड्याएवढी, शिक्षण बारावीपर्यंत, पण सडक अर्जुनीपासून नवेगावबांधपर्यंत कुठल्याही गावात तो नुसता 'पाणी द्या' म्हणाला तरी आतून कोणीतरी विचारायचं, 'तुमी मंडईचे तं नोहे?' याच्यापलीकडे त्याच्याकडे मिरवायला काही नव्हतं, आणि त्याला काही नकोही होतं.

गाडी माझी, आवाज त्याचा, असा आमचा संसार होता. जुनी व्हॅन मी घेतली ती शाळेत जायला. बाईमाणूस गाडी चालवते म्हणून पहिलं वर्षभर लोकांनी रस्त्यात थांबून पाहून घेतलं. पाहा म्हटलं. दिवाळीच्या सुट्टीत ती गाडी मंडईची व्हायची आणि रविवारी मी स्वतः चालवायची. बाकी दिवशी भावाचा एक दोस्त स्टिअरिंगवर बसे.

इतर गाड्यांवर टपाला भोंगे बांधलेले असत. भोंग्यातून माणूस बोलला की पत्र्याचा डबा बडवल्यासारखं वाटतं. भावाला ते कधीच चालायचं नाही. त्याने डोकं लढवलं आणि व्हॅनमध्ये गाडीचेच स्पीकर बसवले, दोन मागच्या बाजूला आणि दोन मोठे डिकीत, तोंड रस्त्याकडे. अॅम्प्लिफायर पुढच्या सीटखाली. डिकीचं दार वर करून गाडी हळू चालवायची आणि तो बोलायचा. भोंग्याइतकं लांब जायचं नाही, पण आवाज असा यायचा की हा माणूस आपल्याच पडवीत बसून बोलतो आहे. बायकांना ते फार आवडायचं. एका गावातल्या म्हातारीने तर त्याला उत्तर दिलं होतं, 'येतो रे बाप्पा, ओरडू नोको, येतो.'

मग एका वर्षी तो आवाज मंदावला. घोगरा येऊ लागला, मध्येच खरखरायचा. वाक्याची शेपटी गिळली जायची. दोन हजार सात-आठचा सुमार असेल. जिथे जाऊ तिथे लोक म्हणत, 'वायर बारीक हाये, गुरुजी.' भावाला ते प्रेमाने गुरुजी म्हणायचे. आणि मीही, विज्ञानाची मास्तरीण, दाराचं पॅनेल न उघडता मान डोलावली. त्या वर्षीची मंडई तशीच पार पडली.

पुढच्या दिवाळीआधी मी ठरवलं की या वेळी वायरीचं तोंडच बंद करायचं. हिशोब अवघड नव्हता. गाडीचे स्पीकर घरच्या स्पीकरपेक्षा जास्त करंट ओढतात, आणि एका वायरीवर दोन लावले तर आणखीच. पाट अरुंद असला की शेवटच्या बांधीला पाणी पोचत नाही, पाटच पिऊन टाकतो, तसंच हे. मी सीटपासून डिकीपर्यंतचं अंतर मोजलं, जायची एक तार आणि यायची एक, कोपऱ्यांतला वळसा धरला आणि ठरवलं की दीड स्क्वेअरची शुद्ध तांब्याची वायर पुरे. अडीचची घेतली तर फुकटचा ताठा, दाराच्या रबरातून वळणार नाही. गावातल्या वायरीच्या डॉक्टरांनी अर्थात मोटारपंपाची उरलेली केबल पुढे केली. एकाने तर घरी आणून टाकली. ती चपटी, तीन तारांची, मुठीत धरवेना अशी. ही घातली असती तर डिकीचं दार मिटलं नसतं. मी ती परत दिली तर त्याला वाईट वाटलं.

वायर आणायला गोंदियाच्या बाजारात गेले आणि तिथे माझी पहिली लढाई झाली. दुकानदाराने लाल-काळी वायर काउंटरवर टाकली, बोटाएवढी जाड. म्हणाला, 'मॅडम, ये देखो, एकदम मोटा माल. गाडी में आग लगा देगी.' मी म्हटलं, आग नको, आवाज हवा, आणि पर्समधलं ब्लेड काढून टोक सोललं. सगळी जाडी प्लास्टिकची! आत उंदराच्या मिशीएवढे दहा-बारा धागे, तेही वरून तांब्याचा रंग दिलेले. खरवडले तर खाली पांढरं अॅल्युमिनियम. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, 'भाऊ, मी वायर विकत घेते आहे की रबर?' तो म्हणाला, 'सब यही ले जाते हैं, मॅडम, किसी ने कभी काटकर नहीं देखा.' हेच तर. कोणी सोलून पाहत नाही. बाहेरून जाड दिसलं की लोक समाधानी. मी अर्ध्या बाजाराला ऐकू जाईल इतक्या आवाजात त्याला धारेवर धरलं, तेव्हा त्याने मागच्या खोलीतून तशीच लाल-काळी, पण खरी वायर आणली. ती दिसायला बारीक होती. सोलली तर आत गच्च तांबं. तिचं बंडल काखोटीला मारून मी जिंकल्यासारखी घरी आले.

बंडल मी भावाच्या हातात दिलं. मला शाळेच्या परीक्षेचं काम होतं, म्हणून म्हटलं, कोहमाऱ्याच्या फिटरकडे जा, जुनी सगळी वायर काढायला लाव आणि ही घाल. सांधे नीट पिळून टेप लावायला सांग. त्याने मान हलवली. बोलला नाही. त्या दिवसांत तो घरात फारसा बोलतच नसे. मंडईच्या आधी अनाउन्सर आणि नट गळा जपतात, कोमट पाणी पितात, तोंडात ज्येष्ठमध ठेवतात, खाणाखुणांनी बोलतात. त्यामुळे मला त्यात काही वाटलं नाही. त्याच्या तोंडात ज्येष्ठमध नसून खर्रा असायचा, तंबाखू, सुपारी आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला, यावर मात्र मी रोज भांडायची. तो पन्नी खिशात घालायचा, हसायचा आणि अंगणात जाऊन थुंकायचा. आमच्या जिल्ह्यात शाळकरी पोरापासून तलाठ्यापर्यंत सगळ्यांच्या खिशात ती पन्नी असते आणि तिच्यावर बोलणारी बाई खडूस ठरते. ठरू दे.

दिवाळी झाली. पहिल्या रविवारी मी गाडी काढली, तो शेजारी माइक घेऊन बसला, डिकी वर केली आणि आम्ही निघालो. पहिल्याच गावात त्याने तोंड उघडलं आणि मी ब्रेक दाबला. आवाज मागच्या वर्षीपेक्षा वाईट! दबका, खरखरीत, धान भरडायच्या गिरणीमागून कोणी बोलावं तसा. चावडीपाशी बसलेला एक जण उठून आला आणि म्हणाला, 'गुरुजी, वायर बदलवा ना, बारीक हाये.'

मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हटलं, 'वायर बारीक नाही. वायर मी स्वतः आणली आहे.'

'असन, पन बारीक हाये,' तो शांतपणे म्हणाला.

असा माणूस भेटला की मला काय होतं ते मला ओळखणाऱ्यांना माहीत आहे. मी त्याला रस्त्यातच करंट आणि रोध शिकवायला लागले. भावाने माझ्या दंडाला हात लावला आणि पुढे चल म्हणून खूण केली. त्या दिवशी प्रत्येक गावात हेच. प्रत्येक गावात मी भांडले. तो फक्त बोलायचं तेवढं बोलला आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर पाहत राहिला.

आठवड्याने आमच्याच गावच्या मंडई कमिटीचे अध्यक्ष घरी आले. भाऊ शेतावर गेला होता. अध्यक्षांनी चहा घेतला, धानाचं विचारलं, माझ्या बदलीचं विचारलं आणि मग म्हणाले, 'मॅडम, राग नोका मानू. यंदा आमी सीडी लावतो म्हंतो. वडशाकडचा एक पोरगा हाये, रेकॉर्ड करून देते. गाडीत सीडी टाकली की झालं. परवा आणतो.'

'आणि माझा भाऊ?'

'गुरुजींचा आवाज गेला, मॅडम.'

मी उठून उभी राहिले. या माणसाच्या मुलीच्या लग्नात माझ्या भावाने पंगतीपासून पाठवणीपर्यंत माइक धरला होता. याच्या नाटकाला मैदान अपुरं पडलं ते माझ्या भावाच्या बोलण्यामुळे. आणि हा चहा पिऊन सांगतो की आवाज गेला! मी म्हटलं, 'आवाज गेलेला नाही. तुमच्या कानांत भोंगे बसलेत. फिटरने काहीतरी घोळ केला आहे. उद्या संध्याकाळी या, मी ऐकवते. तोपर्यंत सीडीचं नाव काढायचं नाही.' ते निमूट चप्पल घालून निघाले. दारातून मी आणखी पुष्कळ तोंडसुख घेतलं. शेजारच्या काकू सुपात तांदूळ पाखडत होत्या, त्यांनी हात थांबवून सगळं ऐकलं.

अध्यक्ष गेल्यावर मी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि मागच्या दाराचं पॅनेल उघडलं. आत जुनीच वायर होती. टेलिफोनच्या वायरीएवढी, मळकी, सांध्यांना टेप नाही, नुसते पीळ, तेही सैल. मी आणलेल्या तांब्याचा पत्ता नव्हता. मला सगळं उलगडलं. फिटरने माझी चांगली वायर ठेवून घेतली, भावाला जुन्यावर बोळवलं, आणि भोळा भाऊ गाडी घेऊन घरी आला. एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती, ती सांगून टाकते. एवढ्याशा अंतरात बारीक वायर आवाज कमी करील, सैल सांधे खरखर करतील, पण इतकं वाईट व्हायला नको होतं. गणित बसत नव्हतं. पण मी इतकी रागावले होते की गणित बसतंय की नाही हे पाहायला मला सवड नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कोहमाऱ्याला गेले. हायवेच्या नाक्यावर, ढाब्यांच्या रांगेत त्याचं दुकान. ट्रकवाले टेपरेकॉर्डर बसवून घ्यायला रांगेत उभे. मी उतरले आणि सुरुवातच केली. चोर म्हटलं. गरिबाच्या पोटावर पाय देतोस म्हटलं. एक माणूस आयुष्यभर ज्या आवाजावर जगला तो तू चार हात वायरीसाठी मातीत घातलास म्हटलं. ट्रकवाले चहाचे ग्लास हातात घेऊन जवळ सरकले. फिटरने सोल्डरिंग आयर्न खाली ठेवलं आणि कमरेवर हात ठेवून माझं सगळं ऐकून घेतलं. मग तोही चढ्या आवाजात म्हणाला, 'झालं का मॅडम? आता माह्यं ऐका. मले काऊन बोलून राह्यल्या? तुमच्या भावालेच इचारा ना!'

त्याने वरच्या फळीवरून माझं बंडल काढून काउंटरवर आपटलं. लाल-काळी वायर, मी सोललेलं टोक तसंच, दुकानदाराने बांधलेली सुतळीही सुटलेली नव्हती.

'मी पॅनेल खोलत होतो तं त्यानं हात धरला. म्हने, जुनीच राहू दे. नवी तुह्यापाशी ठेव. बाईनं इचारलं तं सांगू नोको. एक पैसा नाही घेतला मी त्याचा. आन् तुमी मले चोर म्हंता?'

मला तिथे काय वाटलं असेल ते कोणीही ओळखेल, पण खरं सांगायचं तर शरम नंतर आली, आधी आली ती भावाची चीड. काय मूर्ख माणूस आहे हा! बहीण बाजारात भांडून वायर आणते, आणि हा ती फळीवर ठेवून डबडं वाजवत गावभर हसं करून घेतो. कशासाठी? आळस? हट्ट? माझ्यावरचा कसला राग? कोहमारा ते गाव मी गाडीत एकटीच बोलत आले.

तो घरी होता, अंगणात बाजेवर. मी बंडल त्याच्या पायाशी टाकलं. त्याने पाहिलं आणि मान खाली घातली.

'काऊन?' मी विचारलं. मी घरात शाळेची मराठी बोलते, पण राग आला की आईची बोली येते. 'काऊन नाही लावली?'

त्याने वाकून बंडलाची सुतळी चाचपली.

'संध्याकाळी अध्यक्ष यायचे आहेत. उद्या सीडी येणार आहे, माहीत आहे तुला?'

मी पदर खोचला. दोन्ही पॅनेल काढली, जुनी वायर उपटून अंगणात भिरकावली, आणि नवी ओढली. सीटखालून, गालिचाखालून, कडेकडेने डिकीपर्यंत. टोकं सोलली, धागे मोकळे राहू दिले नाहीत, अधिक-उणे तपासलं, स्क्रूत घट्ट आवळलं, टेप गुंडाळली. माझ्या हातांना ग्रीस, केसांत कोळिष्टकं. तो बाजेवरून पाहत होता. शेवटचा स्क्रू बसवला, डिकी वर केली आणि त्याला हाताला धरून पुढच्या सीटवर आणून बसवलं. अॅम्प्लिफायरची बटणं मी नेहमीच्या खुणेवर ठेवली, माइक त्याच्यासमोर धरला आणि म्हटलं, 'बोल.'

त्याने मान हलवली.

'बोल म्हणते ना. ऐकू दे साऱ्या गल्लीला.'

'राहू दे, बाई,' तो म्हणाला. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात.

'बोल!'

त्याने माइक घेतला. रोजचीच ओळ होती, 'रसिक मायबापहो.' हीच ओळ तो मिसरूड फुटायच्या आधीपासून म्हणत आला होता. आता ती नव्या वायरीतून आली, चारही स्पीकरमधून, स्वच्छ, मोठी, एकही खरखर वायरीची नाही. आणि त्या स्वच्छ आवाजात सगळं ऐकू आलं. शब्द फाटत होते. 'मायबाप'वर आवाज चढायचा तिथे नुसती हवा होती. कोरड्या बोरूने पाटी ओरखडावी तसं काहीतरी साऱ्या गल्लीत पसरलं.

शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. त्यांच्या मांडीवर हा मोठा झाला, याचं पहिलं भाषण त्यांच्या ओसरीवर. त्यांनी डोळ्यांवर हात धरून गाडीकडे पाहिलं. उघड्या डिकीमुळे आत कोण आहे ते त्यांना दिसत नव्हतं.

'कोन बोलून राह्यला वो, बाई?' त्यांनी मला विचारलं. 'बोलनारा हाये का कोनी नवा?'

भावाने बटण बंद केलं.

मी त्याच्या शेजारी सीटवर बसले. तो माइकची वायर बोटाला गुंडाळत होता. मग जे सांगितलं ते माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं. मागच्या दिवाळीच्या आधीपासून गळा असा झाला होता. गिळताना टोचायचं. पहिल्या दिवशी गाडीवरून आवाज फाटला तेव्हा त्याला वाटलं, संपलं. तेवढ्यात चावडीवरचा कोणीतरी म्हणाला, वायर बारीक आहे. मग सगळेच म्हणाले. मीही म्हणाले.

'वायर बारीक असली तं लोक वायरीले बोलतेत,' तो म्हणाला. 'मले नाही बोलत.'

मी चांगली वायर आणली तेव्हा तो घाबरला होता. एक पूर्ण वर्ष! एका कवडीमोलाच्या वायरीआड तो एक वर्ष लपला, आणि तेवढा काळ गळ्यात जे काही होतं ते वाढत राहिलं. त्याला डॉक्टरकडे नेणारं कोणी नव्हतं असं नाही, मी होते. रोज ताटाला ताट लावून जेवत होते. आणि मी काय करत होते, तर त्याची बाजू घेऊन गावाशी भांडत होते. मी त्याच्या खिशात हात घालून पन्नी काढली आणि अंगणात फेकली. जुन्या वायरीशेजारीच ती पडली. मग मी त्याला खूप बोलले. बोलत असताना रडत होते की नाही आठवत नाही. बोलत होते एवढं नक्की, कारण काकू कुंपणाशी उभ्या राहून म्हणत होत्या, 'पुरे कर आता, पुरे कर.'

अध्यक्ष संध्याकाळी आले. मी दारातच म्हटलं, 'आणा तुमची सीडी.' त्यांनी कारण विचारलं नाही. तोवर त्यांना कळलं असणार. काकूंना कळलं म्हणजे गावाला कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला डॉक्टरकडे निघालो, त्याच गाडीतून. अॅम्प्लिफायर बंद होता. कोहमाऱ्याच्या नाक्यावर फिटर दुकानाबाहेर उभा होता. त्याने हात वर केला, भावाने खिडकीतून हात हलवला. मी समोर पाहत राहिले. त्या फिटरवर रागावायचं मला आता काही कारण उरलं नव्हतं, तरी मी रागावलेलीच होते. सगळ्यांवर होते. जो तो वायर वायर करत राहिला त्यांच्यावर, पन्नी विकणाऱ्या टपऱ्यांवर, सीडी देणाऱ्या वडशाच्या त्या पोरावरही, ज्याला मी पाहिलंही नव्हतं.

साकोली मागे पडल्यावर भाऊ काहीतरी बोलला. इंजिनचा आवाज, ट्रकांचे हॉर्न. मला नुसते ओठ हलताना दिसले. 'काय?' मी विचारलं. तो पुन्हा बोलला. पुन्हा काही कळलं नाही. मग त्याने हाताने 'राहू दे' अशी खूण केली.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. काचा वर केल्या. त्याच्याकडे वळले आणि म्हटलं, 'आता बोल.'